गिटारच्या लॅकरवरील ओरखडे आणि पोचे कसे दुरुस्त करावेत

लॅकरची दुरुस्ती बहुतेक वेळा बिघडते ती खड्डा भरताना नव्हे, तर भरलेली जागा घासून सपाट करताना. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा संपूर्ण थर साधारणपणे ०.१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या एका पानाइतका जाड असतो. त्या पानाच्या जाडीतच ओरखडा असतो, त्यातच तो भरायचा असतो आणि पॉलिश पेपरने घासून चकाकीही त्यातूनच काढायची असते. हे मनात पक्के असेल तर पुढे सांगितलेली बरीचशी सावधगिरी वेगळी सांगावी लागणार नाही.

सुरुवातीला एक अप्रिय सल्ला देतो. गिटार जुनी आणि मौल्यवान असेल, तर तिच्या मूळ लॅकरला हात लावू नये. जुन्या वाद्याची किंमत मूळ फिनिश शाबूत असण्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते आणि नीटनेटक्या दुरुस्तीपेक्षा प्रामाणिक ओरखडा खरेदीदाराला अधिक पसंत पडतो. थंडी-उष्णतेच्या फरकाने लॅकरला पडलेल्या केसासारख्या बारीक तडांचे जाळेही तसेच राहू द्यावे, कारण त्या तडा भरल्या तरी शेजारी नव्या पडतात.

आधी फिनिश ओळखा

गिटारवर मुख्यतः तीन प्रकारचे फिनिश आढळते. पारंपरिक क्लासिकल गिटारवर लाखेचे, म्हणजे शेलॅकचे, फ्रेंच पॉलिश असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून कारखान्यांमध्ये नायट्रोसेल्युलोज लॅकर, थोडक्यात ‘नायट्रो’, रूढ झाले आणि काही महागड्या गिटारींवर ते आजही वापरतात. साधारण १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन यांनी त्याची जागा घेतली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य गिटारींवर हेच, बोलीभाषेत ज्याला नुसते ‘पॉली’ म्हणतात ते, फिनिश असते.

हा फरक केवळ नावाचा नाही. शेलॅक आणि नायट्रो वाळतात ते त्यातील द्रावक उडून गेल्यामुळे. तेच द्रावक पुन्हा लागले की वाळलेला थर विरघळतो, त्यामुळे नवा थेंब जुन्या थरात मिसळून एकजीव होतो. पॉलीमध्ये रासायनिक क्रियेने रेणूंची जाळी बांधली जाते आणि एकदा घट्ट झालेली ही जाळी थिनरने सुटत नाही. म्हणून नायट्रोवर टाकलेला लॅकरचा थेंब आतमध्ये मुरतो, तर पॉलीवर टाकलेला तोच थेंब वर नुसता बसून राहतो आणि काही महिन्यांनी नखाने निघून येतो.

चाचणीसाठी जिथे नजर जात नाही अशी जागा निवडावी: इलेक्ट्रिक गिटारवर मागच्या झाकणाखालील पोकळीची कड, अकूस्टिकवर स्ट्रॅप बटणाखालचा भाग. कापूस गुंडाळलेली काडी प्रथम स्पिरिटमध्ये बुडवून तेथे काही सेकंद टेकवावी. पृष्ठभाग चिकट झाला तर ते शेलॅक समजावे. काही झाले नाही तर ती जागा पुसून हीच चाचणी अॅसिटोनने करावी. थर मऊ पडला आणि कापसाला रंग किंवा चिकटपणा आला, तर ते नायट्रो. दोन्ही वेळा काहीच फरक पडला नाही, तर पॉली. अॅसिटोनचा थेंब कडेच्या बाइंडिंगवर किंवा पिकगार्डवर मात्र पडू देऊ नये. ती सेल्युलॉइडची असतील तर जागच्या जागी विरघळू लागतात.

इजा किती खोल आहे

स्वच्छ मऊ फडक्यावर थोडा नॅफ्था, म्हणजे लायटरमध्ये भरतात ते द्रव, घेऊन आजूबाजूचा भाग पुसून घ्यावा. नॅफ्था वाळलेल्या नायट्रोला धक्का लावत नाही आणि घाम, तेल, मेण काढून टाकतो. सिलिकॉन असलेले फर्निचर पॉलिश त्या गिटारवर पूर्वी लावलेले असेल तर हे पुसणे दोन-तीनदा करावे, कारण सिलिकॉनचा अंश राहिला की वर टाकलेले लॅकर पसरण्याऐवजी माशाच्या डोळ्यांसारख्या गोल खळग्यांत फाकते.

आता मऊ ब्रशने त्याच नॅफ्थाचा एक ओलावा ओरखड्यावर फिरवून तिरप्या प्रकाशात पाहावे. ओरखडा पांढरा दिसतो तो बहुधा त्याच्या खरबरीत कडांवरून प्रकाश विखुरल्यामुळे, आणि द्रव भरले की क्षणभर तो विखुरणे थांबते. ओला असताना ओरखडा दिसेनासा झाला, तर पारदर्शक लॅकर भरणे पुरेसे आहे. ओला असतानाही रेषा दिसत राहिली, तर रंग किंवा लाकूड दुखावले आहे, आणि आधी रंग लावावा लागेल. दोन सेकंदांच्या या परीक्षेने पुढचे कित्येक दिवस वाचतात, म्हणून मी ती कधीच टाळत नाही.

त्यानंतर नख आडवे फिरवावे. नख अडकत नसेल तर तो वरवरचा चरा आहे. अडकत असेल तर तो भरावा लागेल. पोच्याच्या बाबतीत वेगळा प्रश्न विचारावा: लाकडाचे तंतू केवळ दबले आहेत की तुटले आहेत? गोलसर, गुळगुळीत खळगा म्हणजे दबलेले तंतू. धारदार कड आणि उसकटलेले लाकूड म्हणजे तुटलेले. स्प्रूससारखे मऊ लाकूड सहज दबते आणि सहज वरही येते. मेपल किंवा रोझवूड दबले की हट्टी असते.

तयारी

नायट्रोसेल्युलोज आणि त्याचे थिनर अत्यंत ज्वालाग्राही आहेत. खिडक्या उघडून, शेगडी, उदबत्ती किंवा ठिणगी पडणारे कोणतेही उपकरण जवळ न ठेवता काम करावे. धुळीचा साधा मास्क या वाफा अडवत नाही, त्यासाठी सेंद्रिय वाफांचे फिल्टर असलेला मास्क लागतो. थिनरची फडकी गोळा करून ठेवू नयेत, बाहेर पसरून वाळवावीत.

गिटारच्या पुढच्या भागावर काम असेल तर तारा काढाव्यात, पाठीमागे काम असेल तर त्या सैल केल्या तरी चालतात. पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारी चुंबकीय उपकरणे, असतील तर त्यांवर चिकटपट्टी लावून ती झाकावीत. लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: नायट्रो लॅकर, लॅकर थिनर, टूथपिक, बारीक ब्रश, एका बाजूला धार असलेले नवे ब्लेड, साधी पारदर्शक चिकटपट्टी, ८०० ते २००० नंबरपर्यंतचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर), रबिंग कंपाउंड आणि चांगला उजेड.

वरवरचे चरे

नख अडकत नसेल तर काहीही भरू नये. सिलिकॉन नसलेले बारीक पॉलिशिंग कंपाउंड मऊ सुती कापडावर घेऊन हाताने, हलक्या दाबाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे. पट्ट्याच्या बकलाने पाठीवर पडलेले धूसर जाळे बहुतेक एवढ्यानेच जाते. यंत्राच्या फिरत्या चाकाने घासण्याचा मोह टाळावा, कारण घर्षणाच्या उष्णतेने नायट्रो मऊ पडून ओढले जाते.

पोचा वाफेने उचलणे

दबलेल्या तंतूंना पाणी आणि उष्णता मिळाली की ते फुगून जवळजवळ पूर्ववत होतात. अट अशी की वाफ लाकडापर्यंत पोहोचली पाहिजे. लॅकर फुटलेले असेल तरच हा उपाय कामाचा आहे. लॅकर अखंड असताना वरून इस्त्री टेकवली तर वाफ आत जात नाही, उलट उष्णतेने लॅकरला फोड येतात किंवा त्यात बाष्प अडकून ते दुधाळ होते.

फुटलेल्या लॅकरचे सुटे टवके आधी ब्लेडच्या टोकाने काढून टाकावेत. पोच्यात पाण्याचा एक थेंब ठेवून तो पाच-दहा मिनिटे मुरू द्यावा. त्यानंतर सुती कापडाची ओली, पिळलेली घडी फक्त पोच्यापुरती ठेवून तिच्यावर सोल्डरिंग आयर्नचे टोक दोन-तीन सेकंद टेकवावे. चुर्र आवाज आला की लगेच उचलावे, कापड बाजूला करून पाहावे, आणि पोचा वर येत असेल तर पुन्हा करावे. दोन-तीन वेळांनंतर फरक पडेनासा झाला की थांबावे, कारण तुटलेले तंतू वाफेने कधीच जोडले जात नाहीत. अकूस्टिक गिटारच्या ब्रिजजवळ आणि आतल्या पट्ट्यांवर हा प्रयोग करू नये. उष्णतेने तिथला सरस सुटू शकतो.

वाफ दिलेली जागा किमान एक-दोन दिवस उघडी ठेवून कोरडी होऊ द्यावी. ओल्या लाकडावर लॅकर बसवले तर ते पुढे धूसर होते किंवा पापुद्र्यासारखे सुटते.

रंग जुळवणे

नॅफ्थाच्या परीक्षेत रंग गेल्याचे दिसले असेल, तरच हा टप्पा. लाकडाचा नैसर्गिक रंग जुळवायचा असेल तर आधी आजूबाजूच्या सर्वांत फिकट छटेचा रंग लावावा आणि त्यावर बारीक ब्रशने लाकडाच्या गडद रेषा ओढून शेजारच्या रेषांशी जोडाव्यात. उलट क्रमाने केल्यास एक गडद डाग बनतो आणि तो फिकट करण्याचा उपाय राहत नाही. जुने नायट्रो मधासारखे पिवळसर झालेले असते, म्हणून त्यावरील नव्या लॅकरमध्ये अंबर रंगाचा एखादा थेंब मिसळावा लागतो. रंग तपासायचा तो ओल्या अवस्थेत आणि दिवसाच्या उजेडात, बल्बखाली नव्हे.

एकरंगी गिटारवर टवका उडाला असेल तर रंगाचे पातळ थर खड्ड्यात भरावेत, मात्र ते सभोवतालच्या पातळीपेक्षा खालीच ठेवावेत. वरची शेवटची जाडी पारदर्शक लॅकरची असावी. तसे नसेल तर सपाट करताना घासला जाईल तो रंगच.

थेंब भरणे

नायट्रोचा खड्डा ब्रशने रंगवून भरत नाहीत, तर थेंबाथेंबाने भरतात. टूथपिकच्या टोकावर लॅकरचा एक थेंब घेऊन तो खड्ड्याच्या मध्यावर सोडावा आणि पृष्ठभागाच्या ताणामुळे तो आपोआप कडांपर्यंत जाऊ द्यावा. लांब ओरखडा असेल तर टूथपिक त्याच्या लांबीने ओढत न्यावी. बाहेर सांडलेला थेंब फडक्याने पुसू नये. पुसल्याने विरघळलेले जुने लॅकरही सोबत निघते. तो तसाच वाळू द्यावा, पुढे सपाट करताना जातो.

वापरायला तयार पातळ लॅकरमध्ये घन पदार्थ साधारण एक चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी असतो, बाकी सारे उडून जाणारे द्रावक असते. त्यामुळे काठोकाठ भरलेला खड्डा दुसऱ्या दिवशी पुन्हा खोल दिसतो, आणि नवखा माणूस गोंधळतो. यात बिघडलेले काही नाही. दिवसातून एक, फार तर दोन थेंब टाकावेत आणि भरलेला भाग सभोवतालच्या पातळीपेक्षा किंचित फुगीर दिसेपर्यंत हे चालू ठेवावे. खोल खड्ड्याला सहा-सात थेंब सहज लागतात. एकाच वेळी मोठा थेंब टाकून वेळ वाचवू नये. वरची साय आधी वाळते आणि खालचे द्रावक अडकून राहते, मग कितीतरी दिवसांनी ती जागा खचते.

हवा दमट असेल तर थेंब वाळताना पांढुरका होतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतले बाष्प त्यात जमते. अशा दिवशी काम थांबवणे उत्तम. पांढुरकेपणा आलाच असेल, तर कोरड्या हवेत त्यावर थिनरचा अगदी हलका फवारा दिला की थर पुन्हा विरघळून अडकलेले बाष्प सुटते.

शेवटच्या थेंबानंतर किमान एक आठवडा, शक्य असल्यास दोन ते तीन आठवडे, गिटार बाजूला ठेवावी. नखाने दाबल्यावर खूण उमटत असेल किंवा नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल, तर अजून वाळलेले नाही. या दुरुस्तीतला निम्म्याहून अधिक काळ म्हणजे काहीही न करणे, आणि बहुतेकांना नेमके तेच जमत नाही.

सपाट करणे

इथे घाई केली की दुरुस्तीची जागा पूर्वीपेक्षा मोठी होते. मी एकदा माझ्याच गिटारच्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका भरला होता. पॉलिश पेपर बोटाखाली धरून घासताना भरलेला उंचवटा तसाच राहिला आणि त्याच्या शेजारचे लॅकर मात्र लाकडापर्यंत गेले. बोट मऊ असते आणि ते उंचवट्याच्या बाजूला घसरते. शिवाय कडेवर लॅकरचा थर मुळातच पातळ असतो.

म्हणून आधी ब्लेड. ब्लेडच्या धारेच्या दोन्ही टोकांना पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळावी आणि मध्ये पाच-सहा मिलिमीटर धार मोकळी ठेवावी. चिकटपट्टीची जाडी साधारण ०.०५ मिलिमीटर असते. ब्लेड पृष्ठभागावर उभे, जवळजवळ काटकोनात धरून स्वतःकडे ओढले की चिकटपट्टीची टोके शेजारच्या शाबूत लॅकरवर सरकतात आणि मधली धार फक्त उंचवटा खरवडते. शेजारच्या लॅकरला धार लागतच नाही. दाब अगदी हलका हवा, ब्लेड ओढावे, ढकलू नये. पिठासारखे पांढरे बारीक कण किंवा कागदाहून पातळ तुसे निघत असतील तर सर्व ठीक आहे. ब्लेड थरथरत असेल किंवा कणांऐवजी चिकट गोळे निघत असतील, तर लॅकर अजून ओलसर आहे, ब्लेड खाली ठेवून आणखी एक आठवडा थांबावे.

धार काहीच खरवडेनाशी झाली म्हणजे आता उरलेला उंचवटा चिकटपट्टीच्या जाडीएवढा आहे. तेवढाच पॉलिश पेपरने काढायचा. १२०० किंवा १५०० नंबरच्या वॉटर पेपरचा एक सेंटिमीटर रुंदीचा तुकडा कापून तो खोडरबराच्या लहान सपाट तुकड्याभोवती गुंडाळावा. साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकून केवळ उंचवट्यावर छोटे फेरे घ्यावेत. ८०० नंबर हाताशी ठेवावा तो फक्त हट्टी, मोठ्या उंचवट्यासाठी. स्क्रूची भोके, पिकअपच्या फटी किंवा उघडे लाकूड जवळ असेल तर पाण्याऐवजी नॅफ्था वापरावा. भोकात शिरलेल्या पाण्याने लाकूड फुगते आणि भोकाभोवतीच्या लॅकरला तडा जातात.

दर दहा-बारा फेऱ्यांनंतर जागा पुसून तिरप्या उजेडात पाहावी. घासलेला भाग मंद दिसतो, आणि त्यात जिथे चमकणारा ठिपका उरतो तिथे खड्डा आहे. मंद भागाच्या मधोमध चमकणारी रेघ दिसली, तर ओरखडा पुरेसा भरलेला नाही. ती रेघ जाईपर्यंत घासत बसणे ही सर्वांत महागडी चूक आहे. थांबावे, नॅफ्थाने पुसावे, आणखी एक-दोन थेंब भरावेत, पुन्हा वाट पाहावी. रंगीत गिटारवर वॉटर पेपरवर रंग उतरू लागला, तर तत्क्षणी थांबावे.

पूर्ण भाग एकसारखा मंद झाला की २००० नंबरने आधीच्या ओरखड्यांच्या आडव्या दिशेने घासावे. दिशा बदलल्याने आधीच्या रेषा गेल्या की नाहीत हे दिसते.

चकाकी

रबिंग कंपाउंड आधी भरड, मग बारीक, वेगवेगळ्या कापडांवर घेऊन हाताने घासावे. नव्याने भरलेली जागा जुन्यापेक्षा अधिक चकचकीत दिसली, तर गिटारची बाकीची बाजूही बारीक कंपाउंडने एकदा पुसून घ्यावी, म्हणजे फरक बुजतो. मॅट किंवा सॅटिन फिनिशवर मात्र कंपाउंड चालत नाही, घासले की तेवढीच जागा कायमची चमकते. तिथे बारीक सिंथेटिक पॅडने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलके घासून मंदपणा जुळवावा. स्टील वूल इलेक्ट्रिक गिटारपासून दूर ठेवावे, कारण त्याचे तंतू पिकअपच्या चुंबकांना चिकटून बसतात.

पॉली असेल तर

पॉलीच्या खड्ड्यात लॅकर न टाकता सुपरग्लू भरतात. तो पॉलीइतकाच पारदर्शक आणि कठीण होतो, आणि पॉलीचा थर नायट्रोपेक्षा बराच जाड असल्याने घासायलाही अधिक वाव असतो. आधी ब्लेडच्या टोकाने सुटे तुकडे काढावेत, मग मध्यम घनतेचा सुपरग्लू टूथपिकने, पातळ थरांत भरावा. एक थर पूर्ण घट्ट झाल्यावरच दुसरा. जलद घट्ट करणारा एक्सलरेटर फवारल्यास ग्लू तापून त्यात बुडबुडे येतात आणि तो पांढरा पडतो, त्यामुळे मी तो वापरत नाही. कापसाने ग्लू पुसू नये, कापूस आणि सुपरग्लू एकत्र आले की हाताला भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते. सपाट करण्याची रीत नायट्रोसारखीच, फक्त एका दिवसात घासता येते.

नायट्रोवरही काही जण सुपरग्लू भरतात आणि नेकच्या मागच्या बाजूला, जिथे दिसण्यापेक्षा अंगठ्याला लागणे महत्त्वाचे असते, तिथे ते समर्थनीय आहे. इतरत्र नाही. ग्लू नायट्रोपेक्षा कठीण असल्याने घासताना शेजारचे मऊ लॅकर आधी जाते आणि भरलेला ठिपका टेकडीसारखा उभा राहतो.

दुरुस्ती झालेली नायट्रोची गिटार पहिला महिनाभर बंद केसमध्ये ठेवू नये, कारण ताज्या लॅकरवर केसच्या अस्तराची वीण उमटते. रबर किंवा व्हिनाइलचे पॅड असलेल्या स्टँडवरही ती ठेवू नये, त्यातील प्लॅस्टिसायझर, म्हणजे पॅड लवचीक ठेवणारी रसायने, नायट्रोला मऊ करून काळसर खूण पाडतात. स्टँडच्या पॅडवर सुती कापड गुंडाळले की ती अडचण राहत नाही.